सगळे म्यूटवर, मग हा ग्रुप क्लास कसला?

पत्र (थोडं कापून देतोय):

"काका, मी डोंबिवलीत राहते, वय ३४, आयटीत टेस्टिंगला आहे. लहानपणी तबला मध्यमा पूर्णपर्यंत केला, कॉलेजात ड्रम्सवर आले, रॉक वगैरे वाजवलं, मग नोकरी लग्न यात सगळं बंद. चार महिन्यांपूर्वी न्यूयॉर्कच्या एका ड्रमरचा जॅझ ड्रमिंगचा ऑनलाइन ग्रुप क्लास लावला. शनिवारी आपल्याकडे रात्री आठला असतो. आम्ही दहा जण, ब्राझील, पोलंड, कुठून कुठून. सर वाजवतात, आम्ही सगळे म्यूटवर राहून त्यांच्याबरोबर वाजवतो, मग एकेकाला दोन मिनिटं अनम्यूट करतात. गेल्या महिन्यात माझी पाळी आली, सरांनी त्यांच्याकडून बेसचा ट्रॅक लावला आणि मी वाजवलं, तर म्हणाले तू मागे पडतेयस आणि तुझी राइड (ताल धरायची मोठी झांज) नीट ऐकूच येत नाहीये. इतकं वाईट वाटलं. तबल्यात सगळे म्हणायचे हिची लय पक्की आहे. तो पोलंडचा मुलगा १९ वर्षांचा आहे आणि काय सुसाट वाजवतो. तीन आठवडे पुस्तकाचं तेच एक पान चाललंय. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दोनदा येऊन बेल वाजवली. सासूबाई म्हणतात चांगला तबला सोडून हे कुणाचं काय घेऊन बसलीस. फी डॉलरमध्ये आहे, टोचते. क्लास सोडून इथेच कुणाकडे समोरासमोर शिकू का? की मला हे जमणारच नाही?
— हरवलेली सम, डोंबिवली"

अगं हरवलेली सम,

आधी तुझी झोप नीट लागावी म्हणून एक सांगून टाकतो. त्या दिवशी तू खरंच मागे पडलीस की नाही हे त्या कॉलवरून कुणालाच सांगता येणार नाही, तुझ्या सरांनाही नाही. बघ काय होतं ते. ट्रॅक वाजतोय त्यांच्या खोलीत. तो तुझ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, तू त्यावर अगदी बरोब्बर वाजवतेस, आणि तुझा आवाज परत त्यांच्याकडे जायला पुन्हा तेवढाच वेळ. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साधारण साडेबारा हजार किलोमीटर, काचेच्या केबलमधून प्रकाश सेकंदाला दोनेक लाख किलोमीटर पळतो, म्हणजे एका बाजूलाच साठ मिलिसेकंदांच्या वर गेले आणि जाऊन-येऊन सव्वाशे. हे सुद्धा केबल सरळ असती तर, ती काही सरळ नसते. वर व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर आवाज दाबणार, पाठवणार, उलगडणार, त्याचा वेळ वेगळा. सगळं धरून जाऊन-येऊन पाव सेकंद गेला तर अजिबात नवल नाही. आता १२० च्या टेम्पोला एक बीट असते ५०० मिलिसेकंदांची. म्हणजे तू परफेक्ट वाजवलंस तरी सरांना तू अर्धी मात्रा मागे ऐकू येणार! आणि जॅझमध्ये तर सगळी गंमतच बीटचे तीन भाग केले तर त्यातल्या तिसऱ्या भागात असते, तिथे पाव सेकंद म्हणजे सगळा चिवडा.

सरांना हे माहीत नसेल असं नाही, ऑनलाइन शिकवणाऱ्याला माहीत असतंच. कदाचित बोलण्याच्या भरात विसरले असतील, किंवा त्यांना खरंच दुसरं काहीतरी ऐकू आलं असेल, तुझी राइड ढिली पडत असेल, दर आठ बारनंतर, म्हणजे चार-चार बीट्सच्या आठ आवर्तनांनंतर, टेम्पो घसरत असेल (ही घसरण मात्र कॉलवरही कळते, कारण लेटन्सी, म्हणजे आवाज पोचायचा उशीर, साधारण तेवढीच राहते पण टेम्पो पडला की अंतर वाढत जातं). तर मनात धुमसत न बसता सरळ मेल करून विचार, की सर तो लेट लेटन्सीचा होता की माझा. आणि पुढच्या वेळी ट्रॅक तू तुझ्या बाजूला लाव. मग ट्रॅक आणि ड्रम्स दोन्ही एकाच खोलीतून निघणार, सरांना उशिरा पोचले तरी एकमेकांशी जुळलेले पोचणार. सगळ्या क्लासने हेच करायला हवं खरं तर.

राइड ऐकू येत नाही हेही तुझ्या हाताचं नसणार बहुतेक. झूमसारखी ॲप्स माणसाच्या बोलण्यासाठी बनवलीत, सतत घुमणारा सिंबलचा आवाज त्यांना पंख्याचा आवाज वाटतो आणि ती तो पुसून टाकतात. ऑडिओच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' म्हणून असतं ते चालू कर, नॉइज सप्रेशन आणि एको कॅन्सलेशन बंद कर, आणि एको कॅन्सलेशन बंद केलंस की कॉल ऐकायला हेडफोन घालावेच लागतील. वायफायपेक्षा राउटरला लॅनची वायर लावलीस तर उत्तम. लॅपटॉप किटला चिकटवून ठेवू नकोस, दीड-दोन मीटर लांब ठेव, नाहीतर स्नेअरचा (समोरच्या खणखणीत ड्रमचा) एक फटका बसला की माइकवर आवाज फाटतो आणि पुढचे दोन सेकंद राइड गायब.

आता तुझा खरा प्रश्न. सगळे म्यूटवर, मग हा ग्रुप कसला? रास्त प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर थोडं कडू आहे. ऑनलाइन ग्रुप क्लास हा एकत्र वाजवायचा क्लास नाहीच. तो बघायचा आणि ऐकायचा क्लास आहे. एकत्र वाजवायला आवाजाचा उशीर पंचवीस-तीस मिलिसेकंदांच्या आत लागतो, म्हणजे साधारण दहा मीटरवरच्या माणसाचा आवाज हवेतून यायला जेवढा वेळ लागतो तेवढा. पाव सेकंदाचा हिशोब केलास तर तुझे सर ८५ मीटरवर उभे राहून वाजवतायत, आणि ८५ मीटरवरच्या माणसाबरोबर कुणीही स्विंग, म्हणजे जॅझची ती झुलती लय, धरू शकत नाही. त्यामुळे तू जी अपेक्षा घेऊन लॉगिन करतेस ती तिथे पुरी होणारच नाही. पण म्हणून क्लास फुकट नाही.

मी असे क्लास केलेत आणि पाहिलेत, माझं मत असं की ज्यांना फायदा होतो ते लोक आपल्या दोन मिनिटांपेक्षा बाकीच्यांच्या अठरा मिनिटांत जास्त शिकतात. तुझी पाळी झाली की तू काय करतेस? खरं सांग, व्हॉट्सॲप बघतेस ना? तिथेच फी वाया जाते. ब्राझीलवाल्याला सरांनी काय सांगितलं ते वहीत लिही, तो काय वाजवत होता आणि सांगितल्यावर काय बदललं ते ऐक. दुसऱ्याच्या हातातली चूक आपल्याला लगेच ऐकू येते, स्वतःची येत नाही कारण वाजवताना कान रिकामे नसतात. समोरासमोरच्या एकट्याच्या शिकवणीत हे मिळत नाही, दहा जणांच्या क्लासात मिळतं. आणि त्या पोलंडच्या पोराचं सोड. सुसाट वाजवणं जॅझमध्ये तसं सोपं आहे, त्याला म्हणावं ६० च्या टेम्पोला बॅलड वाजव आणि तिथे टिकून दाखव. दोन बीट्समध्ये पूर्ण एक सेकंदाची पोकळी असते, तिथे भलेभले घाई करतात. (पोरगं चांगलं वाजवत असेल हां, त्याच्यावर राग नाही माझा.)

तुझ्या तबल्याबद्दल. तबला तुला नडणारही आहे आणि तारणारही आहे, आधी नडणारं सांगतो. तुझं अंग समेवर वजन टाकायला शिकलंय, पहिली मात्रा भारी. इथे डाव्या पायाचा हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) दोन आणि चारवर बंद होतो, वजन तिकडे. हे डोक्याला दोन मिनिटांत कळतं पण अंगाला पटायला महिने जातात. त्यासाठी एक करून बघ, मेट्रोनोम ६० वर लाव आणि ती टिकटिक म्हणजे एक-दोन-तीन-चार नाही तर फक्त दोन आणि चार आहेत असं धर, म्हणजे तुझा खरा टेम्पो झाला १२०. एक आणि तीन तुझ्या तुलाच पोटात धरायचे. सुरुवातीला टिकटिक सारखी उलटी होऊन एकवर जाऊन बसेल, चिडू नकोस, थांबायचं, तोंडाने मोजायचं, परत घ्यायचं. हे जमायला लागलं की मेट्रोनोम ३० वर लाव आणि फक्त चारवर ऐक. तिथे तुझी लय पक्की आहे की नाही ते तुला स्वतःलाच कळेल, कुणाच्या सर्टिफिकेटची गरज नाही.

दुसरी नडणारी गोष्ट पाय. तबल्यात दोन हात स्वतंत्र झाले पण पायांना काही कामच नव्हतं. रॉकमध्ये उजव्या पायाला काम मिळालं ते धाडधाड मारायचं. जॅझमध्ये बेस ड्रम चारही बीट्सवर इतका हळू वाजवायचा असतो की तो ऐकू येण्यापेक्षा बेस वाजवणाऱ्याला जाणवला पाहिजे. फेदरिंग म्हणतात त्याला, तुमच्या सरांनी सांगितलंच असेल. १९४० च्या दशकात केनी क्लार्क या ड्रमरने ताल धरायचं मुख्य काम बेस ड्रमवरून काढून राइड सिंबलवर नेलं आणि पाय मधूनमधून ठोका टाकायला मोकळा केला, आजचं सगळं जॅझ ड्रमिंग त्यावर उभं आहे. म्हणून तर सर राइड राइड करतायत. बाकी सगळं काढून घेतलं तरी नुसत्या राइडवर बँड चालला पाहिजे.

आता तारणारं. राइडचा पॅटर्न तू पढंत करू शकतेस, म्हणजे बोलांसारखा तोंडाने म्हणू शकतेस, हे त्या पोलंडच्या पोराकडे नाही! तिस्रात म्हण: धा ऽ ऽ, धा ऽ गे, धा ऽ ऽ, धा ऽ गे. हातात काठी न घेता, चालताना, लोकलमध्ये मनातल्या मनात, आणि दोन-चारवर पाय. फक्त तो 'गे' गणितासारखा तिसऱ्या भागावर खिळवून ठेवू नकोस. टेम्पो वाढला की तो सरळ व्हायला लागतो, टेम्पो कमी झाला की अजून मागे, पुढच्या 'धा'ला चिकटायला जातो, आणि प्रत्येक ड्रमरचा तो थोडा वेगळा बसतो. हे कागदावर नाही लिहिता येत, कानानेच घ्यावं लागतं.

आणि फॉर्म, म्हणजे गाण्याचा परत परत फिरणारा साचा. तुझ्या पत्रात पुढे (ते मी कापलंय) तू लिहिलंस की ३२ बार मोजता मोजता हरवतेस. अगं मोजतेस कशाला? तबला सोलो वाजवताना तू मात्रा मोजायचीस का? पेटीवर नगमा, म्हणजे तीच ती फिरणारी चाल, चालू असायचा आणि तू त्यावर हवी तशी फिरून समेवर यायचीस. इथेही तेच, गाण्याची मूळ चाल हाच तुझा नगमा, फक्त तो पेटीवर कुणी धरलेला नसतो, तो तू मनात गुणगुणत ठेवायचा, सोलो घेणारा कुठेही गेला तरी. म्हणून आधी चाल पाठ कर, तोंडाने गाता आली पाहिजे, मग काठ्या हातात घे.

ऐकायचं काय म्हणशील तर दहा प्लेलिस्ट लावू नकोस. एक रेकॉर्ड घे आणि महिनाभर तीच. माइल्स डेव्हिसची १९५९ ची 'काइंड ऑफ ब्लू' घे, सगळे तीच सांगतात म्हणून नाही तर त्यातला ड्रमर जिमी कॉब किती कमी वाजवतो ते ऐकण्यासाठी. पहिलं 'सो व्हॉट' ३२ बारचं, आठ-आठचे चार भाग, तिसरा भाग अर्ध्या सुराने वर सरकतो, तिथे डोळे मिटून सुद्धा कळतं आपण कुठे आहोत. दुसरं 'फ्रेडी फ्रीलोडर' बारा बारचं ब्लूज. म्हणजे तुला लागणारे दोन्ही फॉर्म एका बाजूत मिळाले. पहिले काही दिवस फक्त राइड ऐक, मग फक्त हाय-हॅट, मग स्नेअर कधी बोलतो आणि कधी गप्प बसतो. तुझ्यासारखं रॉकमधून आलेल्यांना हे फार कमी वाटतं, त्यांना वाटतं ड्रमर काही करतच नाहीये. हा समज घालवायला महिना लागतो.

तीन आठवडे एकच पान म्हणजे ते टेड रीडचं 'सिंकोपेशन' असणार, पैजेवर सांगतो. १९५८ चं पुस्तक, दिसायला अगदी साधं, एका ओळीत काही नोट्स. त्यातली मजा अशी की पुस्तकात जे छापलंय त्यापेक्षा शिक्षक ते कसं वाजवायला सांगतो तिथे सगळं आहे. राइड आणि हाय-हॅट चालू ठेवून ती ओळ डाव्या हाताने स्नेअरवर वाजव. मग तीच ओळ बेस ड्रमवर. मग छोट्या नोट्स स्नेअरवर आणि लांब नोट्स बेस ड्रमवर. मग उलट. एका पानावर लोक वर्षं काढतात आणि बोअर होत नाहीत, तबल्यात कायद्याचे बोल उलटसुलट करून, पलटे करून वाढवतात तसंच आहे हे, तुला सांगायला नको. तीन आठवडे फार नाहीत.

सर कॅमेऱ्यातून काय बघू शकत नाहीत तेही ओळख. काठी बोटात किती घट्ट धरलीयेस, खांदा वर चढलाय का, स्टूलची उंची, पेडलवर टाच कशी आहे, हे समोरच्या माणसालाच दिसतं. म्हणून इथे शिकू का याचं माझं उत्तर असं की हा क्लास सोडू नकोस आणि महिन्यातून एकदा ठाण्यात-मुंबईत कुणाकडे तरी समोरासमोर जा. आपल्याकडचे बरेच शिक्षक ट्रिनिटी-रॉकस्कूलच्या ग्रेड परीक्षांचं शिकवतात, जॅझवाले कमी, पण ग्रिप आणि बैठक बघायला जॅझवाला नाही मिळाला तरी चालतो. क्लास पूर्ण सोडून त्यांच्याकडे गेलीस तर रॉक सुधारेल, स्विंग नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यासाठी तू हळहळतेयस ते एकत्र वाजवणं, ते बाहेर शोध. तुला बँड नकोय आत्ता, एक माणूस हवा, शक्यतो बेस वाजवणारा, नाहीतर कीबोर्ड किंवा गिटारवाला जो बारा बारचं ब्लूज धरू शकेल. ऑफिसात असतो गं असा कुणीतरी, विचारलं की बाहेर पडतो. दोघं मिळून तासावर जॅमरूम घ्या, पंधरा दिवसांतून एकदा. अगदी प्रत्यक्ष भेटणं जमत नसेल तर जॅम्युलस किंवा सोनोबस अशी फुकट सॉफ्टवेअर आहेत, दोघांकडे लॅनची वायर, ऑडिओ इंटरफेस आणि हेडफोन असतील तर डोंबिवली-पुणे अंतरावर लेटन्सी वाजवण्याइतकी कमी करता येते. न्यूयॉर्कबरोबर नाही, तिथे प्रकाशाचा वेगच आडवा येतो, पैसे टाकून सुटणारा प्रश्न नाही तो.

क्लासला रेकॉर्डिंग पाठवायला लाजतेस असंही लिहिलंयस. पाठव. कॉलवरची दोन मिनिटं फसवी असतात, रेकॉर्डिंग खरं असतं. बॅकिंग ट्रॅक स्पीकरवर हळू लाव आणि फोनवर सगळं एकत्र रेकॉर्ड कर. ट्रॅक ऐकू यावा म्हणून तुला हळू वाजवावं लागेल, आणि हळू वाजवणं हेच तर शिकायचंय. दोन कोरस (म्हणजे पूर्ण फॉर्म दोनदा), कट नाही, एडिट नाही.

खालच्या काकू. त्यांना बहुतेक सिंबल नाही त्रास देत, पेडलची धमक देते, ती स्लॅबमधून खाली उतरते, आणि म्हणून इलेक्ट्रॉनिक किट घेऊनही भांडणं होतात, लोकांना आधी हे कुणी सांगत नाही. प्लायवुडच्या दोन फळ्यांमध्ये टेनिस बॉल बसवून लोक घरीच प्लॅटफॉर्म करतात, सुताराकडून करून घे, बराच फरक पडतो. ड्रमना मेश हेड्स (कातड्याऐवजी जाळी) आणि भोकं असलेले लो-व्हॉल्यूम सिंबल. इलेक्ट्रॉनिक किट मात्र जॅझसाठी मी नाही सांगणार, रबराच्या राइडवर काठीचा उसळा आणि टोकाचा आवाज कळत नाही आणि तुझं सगळं शिक्षण तिथेच आहे. ब्रशेस मेशवर चालत नाहीत, तारा घसटल्याचा आवाजच येत नाही. स्नेअरला खरखरीत कोटेड हेड ठेव, किंवा सरळ कुरिअरचा पुठ्ठ्याचा खोका घे, डाव्या हाताने गोल फिरव, उजव्याने तुझं धा ऽ गे. घरात कुणाला पत्ता लागणार नाही. आणि काकूंकडे एकदा जाऊन ये, तुझी वेळ त्यांना सांग, बेल वाजायच्या आधी.

सासूबाईंना सांग की हे परकं वगैरे काही नाही. १९३५ साली अमेरिकेचा लिऑन ॲबी आपला जॅझ बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आला, निदान तेव्हापासून हे मुंबईत वाजतंय. गोव्याची मंडळी रात्री हॉटेलात जॅझ वाजवायची आणि दिवसा स्टुडिओत सिनेमाचं. ट्रंपेटवाला चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, सी. रामचंद्रांबरोबर काम करायचा, आणि हे सी. रामचंद्र म्हणजेच पुणतांब्याचे चितळकर सासूबाईंना माहीत नसतील असं होणार नाही. शोभा गुर्टूंची ठुमरी त्यांनी ऐकली असेल, त्यांचाच मुलगा त्रिलोक गुर्टू, तबला आणि ड्रम्स एका अंगाने वाजवतो आणि जगभर जॅझवाल्यांबरोबर वाजवलंय त्याने. एका संध्याकाळी त्याचा व्हिडिओ लावून दे, वाद घालू नकोस.

जमणार नाही का, याचं काय सांगू, चार महिन्यांत कुणालाच जमत नाही. चालू टर्म पूर्ण कर, या टर्ममध्ये किमान तीन रेकॉर्डिंग्ज पाठव, आणि पुढची फी भरायच्या आधी पहिलं आणि शेवटचं लागोपाठ ऐक. राइडमध्ये फरक ऐकू आला तर भर, नाही आला तर सरांना महिन्यातून एक वैयक्तिक सेशन देता का विचार आणि ग्रुप सोड.

आणि हो, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं एक तास मागे जातात, म्हणजे तुझा आठचा क्लास नऊला सुरू होणार आणि संपेपर्यंत दहा वाजून जातील. मार्चपर्यंत शेवटचा अर्धा तास सरावाच्या रबरी पॅडवर आणि त्या खोक्यावर कर.